‘यू’ म्हणजे कोण?

वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, कैलासाच्या प्रांगणात, परदेशी पाहुण्यांना घेऊन हिंडणारे गाईड ऐकण्यासारखे असतात. तेच रामायणाचे पट, तोच कैलास हलवणारा रावण. पण ऐकणारे बदलले की सांगणाऱ्याचे व्याकरण बदलते. पाहुणे इंग्रजी बोलणारे असतील तर काम सोपे. ‘लुक’ म्हटले की झाले. ते आजोबांना चालते, नातवाला चालते आणि वीसजणांच्या घोळक्यालाही चालते. पाहुणे फ्रेंच असतील तर मात्र समोर कोण आहे ते आधी ठरवावे लागते. लहान मुलाला शिल्प दाखवताना ‘रगार्द’ म्हणायचे, त्याच्या आजोबांना दाखवताना ‘रगार्दे’. मराठी माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. नातवाला आपण ‘बघ’ म्हणतो, आजोबांना ‘बघा’. शेवटच्या एका स्वरात सगळा मान सामावलेला असतो.

आता हेच उलट बाजूने पाहा. इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंच माणसाच्या कानावर ‘यू’ पडते तेव्हा त्याला आधी नात्याचा प्रश्न पडतो. हे ‘यू’ म्हणजे त्याच्या भाषेतले ‘त्यू’, आपले ‘तू’? की ‘वू’, आपले ‘तुम्ही’? ‘तुम्ही’ असेल तर ते एकाला आदराने म्हटले की चौघांना मिळून? वाक्यात कर्म म्हणून आले तर ‘तुला’ की ‘तुम्हाला’? आणि काही वाक्यांत तर हे ‘यू’ समोरच्याबद्दल नसतेच, जगातल्या कुणाहीबद्दल असते. तिथे फ्रेंच माणूस ‘ऑं’ हे वेगळेच सर्वनाम वापरतो. एवढासा इंग्रजी शब्द, पण फ्रेंचमध्ये त्याला चार-पाच घरे शोधावी लागतात. इंग्रजी चित्रपटाचे संवाद फ्रेंचमध्ये आणणाऱ्याला म्हणूनच एक निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा लागतो. नायक आणि नायिका एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचे थांबून ‘तू’ म्हणू लागले ते नेमके कधी? मूळ संवादात तो क्षण कुणी बोलून दाखवलेलाच नसतो. इंग्रजी कादंबरी मराठीत आणणारेही याच जागी अडतात.

फ्रेंच आणि मराठीचे हे साम्य आणखी पुढे जाते. ‘तू’ म्हणण्यासाठी फ्रेंचमध्ये ‘त्यूत्वाये’ असे स्वतंत्र क्रियापद आहे आणि ‘तुम्ही’ म्हणण्यासाठी ‘वूव्वाये’. आपल्याकडे ‘अरेतुरे करणे’ आणि ‘अहोजाहो करणे’ आहे. ज्या समाजाने ही क्रियापदे घडवली, त्याला हाक मारण्याची रीत ही स्वतंत्र कृती वाटते, तिचे बरेवाईट परिणाम त्याला ठाऊक असतात. फ्रान्समध्ये ओळख वाढली की एकजण दुसऱ्याला विचारतो, आपण आता एकमेकांना ‘तू’ म्हणूया का? बहुधा वयाने वा पदाने मोठा असलेल्याने ते विचारायचे असते. परवानगी मिळाल्यावर दोघेही ‘तू’ म्हणतात. यातला ‘दोघेही’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण सगळी गोष्ट तिथेच येऊन ठरते.

फ्रेंच माणूस आपल्या शहराला, तेव्हाच्या औरंगाबादला, नवा नाही. सतराव्या शतकात व्यापारी ताव्हेर्निये सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना इथल्या मकबऱ्यासाठी संगमरवर वाहणाऱ्या तीनशे गाड्यांची नोंद करून गेला. त्याच शतकात प्रवासी तेवनोने वेरूळची लेणी पाहून त्यांचे वर्णन लिहिले. 1751 मध्ये सेनानी बुसी निजाम सलाबतजंगाबरोबर फौज घेऊन याच शहरात आला. पुढे काही वर्षांनी अभ्यासक आंकतिल-द्युपेरों वेरूळला गेला आणि 1771 मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात त्या भेटीचा वृत्तान्त आला. अशा भेटींत मधे दुभाषी लागतोच, आणि दुभाष्याचे पहिले काम म्हणजे कुणाचे कुणाशी काय नाते आहे ते ओळखून सर्वनाम निवडणे. आज वेरूळ-अजिंठ्याचे गाईड रोज हेच करतात. पाहुण्याचे वय, हुद्दा, मनःस्थिती बघून ते योग्य रूप निवडतात. आपण मात्र आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, ही निवड न बघता करतो.

पण आधी इंग्रजीबद्दलचा एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे सर्रास म्हटले जाते की इंग्रजीत मान नाही, तिथे सगळ्यांना ‘तू’च. खरे तर उलटे आहे. शाळेत ज्यांनी संस्कृत घोकले त्यांना ‘त्वम्, युवाम्, यूयम्’ आठवत असेल. आपला ‘तू’, फ्रेंचांचा ‘त्यू’ आणि इंग्रजीतला जुना ‘दाऊ’ ही त्या ‘त्वम्’च्या नात्यातली रूपे. आणि इंग्रजीतले ‘यू’ आहे ‘यूयम्’च्या घराण्यातले. म्हणजे ‘यू’ मुळात ‘तुम्ही’ आहे, अनेकांसाठीचे सर्वनाम. 1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडमध्ये आले आणि दरबारात फ्रेंच रीतिरिवाज रुजले. फ्रेंचांच्या ‘वू’चे बघून इंग्रजही एकट्या मोठ्या माणसाला अनेकवचनात बोलू लागले. फ्रेंच माणसाला आज ‘यू’चे जे कोडे पडते, ते त्याच्याच पूर्वजांनी घालून ठेवलेले आहे.

पुढे काही शतके इंग्रजीतही दोन सर्वनामे नांदली. धाकट्याला, नोकराला, जिवलगाला आणि देवाला ‘दाऊ’, थोरांना ‘यू’. या भेदाला धार होती. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी त्यांना भर न्यायालयात मुद्दाम एकेरी संबोधले. रॅले दरबारातले मोठे सरदार होते. त्यांना खाली ओढण्यासाठी एक सर्वनाम पुरेसे ठरले. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत मात्र लोक सावध होत गेले. अनोळखी माणसाला ‘दाऊ’ म्हटले तर अपमान होईल, त्यापेक्षा ‘यू’ बरे, असे करत करत ‘यू’ खाली झिरपत गेले. व्यापाऱ्याला मिळाले, कारागिराला मिळाले, शेवटी मोलकरणीलाही मिळाले. ‘दाऊ’ उरले ते प्रार्थनेत आणि काही बोलींत. इंग्रजीने ‘तुम्ही’ टाकून दिले नाही, ‘तू’ टाकून दिले. आज इंग्लंडचा राजा आणि त्याच्या दारातला माळी एकमेकांना जे म्हणतात, ते व्याकरणाच्या इतिहासाप्रमाणे ‘तुम्ही’च आहे.

समतेकडे जाण्याचा हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता काहींनी हट्टाने धरून पाहिला. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर पंथाने ठरवले की देवाला आपण एकेरी हाक मारतो, तर माणसापुढे वेगळे व्याकरण कशाला? ते न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणत आणि त्यासाठी शिव्या, मार, तुरुंग सोसत. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या ऐन भरात, 1793 मध्ये, सर्व नागरिकांनी एकमेकांना ‘त्यू’च म्हणावे असा अर्ज राष्ट्रीय परिषदेपुढे आला. कायदा झाला नाही, पण सरकारी कागदांत आणि कचेऱ्यांत ‘त्यू’ शिरले, ‘मस्य’ म्हणजे ‘महाशय’च्या जागी ‘नागरिक’ आले. क्रांतीची लाट ओसरली आणि ‘वू’ परतले. एका देशाने सगळ्यांना ‘तुम्ही’पर्यंत वर चढवले, दुसऱ्याने सगळ्यांना ‘तू’च्या ओळीत बसवून पाहिले. पहिला प्रयोग टिकला, दुसरा टिकला नाही. हुकुमाने लादलेली जवळीक टिकत नाही; सवयीने दिलेला मान टिकतो.

मग आपण मराठी माणसांनी ‘तू’ टाकून द्यावे का? मुळीच नाही. आपल्या भाषेतले सगळ्यात गोड नाते ‘तू’मध्येच आहे. आईला सहसा कुणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. विठोबालाही सहसा कुणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. फ्रान्समधल्या कॅथलिकांनी कित्येक पिढ्या आकाशातल्या पित्याला ‘वू’ म्हटले आणि 1966 मध्ये सर्व पंथांना मिळून प्रार्थनेचे नवे भाषांतर आले तेव्हा ते ‘त्यू’कडे वळले. आपल्या वारकऱ्यांना ते सातशे वर्षांपूर्वीच सापडले होते. घरात वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणारी पिढी जाऊन आता ‘बाबा, तू कधी येणार?’ म्हणणारी पिढी आली आहे आणि त्याने वडिलांचा मान कमी झालेला नाही. ‘तू’ जवळचे आहे, आणि जवळच्याला ते शोभते.

दुखते ते दुसरे ‘तू’. मराठवाड्यातल्या खेड्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. वाड्यावरचे दहा वर्षांचे पोर साठीच्या माणसाला ‘ए’ म्हणून हाक मारायचे. म्हादूचा म्हाद्या व्हायचा, रामाचा राम्या. त्या म्हाताऱ्याने मात्र त्या पोराला ‘धनी’ म्हणायचे, ‘जी’ म्हणायचे. भारतीय संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली; जिभेवरच्या सर्वनामापर्यंत मात्र कलम पोहोचत नाही. दलित आत्मकथने वाचताना पाणवठ्याच्या आणि भाकरीच्या दुःखाइतकेच हे हाकेचे दुःखही जाणवते. माणसाला नुसते बोलावण्यातही त्याची जागा दाखवता येते, हे ज्याने सोसले त्यालाच नीट कळते.

आपल्या शहराने या दुःखाला उत्तर दिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन. ही नावे विचार करून ठेवलेली आहेत. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्खू. त्या दोघांचा संवाद पाली भाषेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. राजा चर्चेचे निमंत्रण देतो तेव्हा नागसेन आधी एक अट सांगतो. राजाने विद्वानांच्या रीतीने चर्चा केली तर आपण बोलू, राजांच्या रीतीने केली तर नाही. राजा कारण विचारतो. नागसेन म्हणतो की विद्वानांच्या चर्चेत मत खोडले गेले तरी कुणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. राजा अट मान्य करतो आणि मगच चर्चा पुढे जाते. ज्या मुलांच्या आजोबांना आयुष्यभर ‘ए’ ऐकावे लागले, ती मुले ज्या वर्गांत बसणार होती, त्या वर्गांच्या दारावर हे नाव आहे. बरोबरीने बोला, नाहीतर बोलणेच नाही, हा त्या नावाचा अर्थ. नंतर याच शहरात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्यासाठी जो दीर्घ लढा झाला आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्ताराने संपला, तोही मूळचा हाच आग्रह होता. नाव आणि हाक या वरवरच्या गोष्टी नाहीत.

रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतल्या अशा दुहेरी सर्वनामांवर एक निबंध लिहिला, तो आजही अभ्यासला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सर्वनाम दोन्ही बाजूंनी सारखे असेल तर तिथे बरोबरी आहे, मग ते ‘तू’ असो की ‘तुम्ही’. एका बाजूने ‘तू’ आणि दुसऱ्या बाजूने ‘तुम्ही’ असेल तर तिथे सत्ता आहे. ही कसोटी हाती आली की आपली सकाळ वेगळी दिसू लागते.

सिडकोतल्या, गारखेड्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकावर सकाळी सात वाजता उभे राहावे. रात्रपाळी संपवून निघालेला साठीचा वॉचमन असतो. महाविद्यालयात जाणारा मुलगा गाडी काढता काढता म्हणतो, ‘काका, ती सायकल जरा बाजूला घे ना.’ मुलगा वाईट नाही. त्याने ‘काका’ म्हटले आहे, आवाजही चढवलेला नाही. पण स्वतःच्या काकांना तो ‘घ्या’ म्हणतो, या काकांना ‘घे’. आणि काका उत्तर देतात, ‘घेतो, दादा.’ नात्याचा शब्द दोन्हीकडे आहे. क्रियापदाने मात्र ते नाते परत घेतले.

तोच प्रकार घरात. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना आपण ‘मावशी’ म्हणतो आणि ‘उद्या लवकर ये’ म्हणतो. कुणी म्हणेल, सख्ख्या मावशीलाही आम्ही ‘ये’च म्हणतो. खरे आहे. पण सख्खी मावशी आपल्यालाही ‘तू’ म्हणते, कान धरते, रागावते. या मावशी आपल्याला ‘ताई’ म्हणतात, ‘तुम्ही’ म्हणतात, आणि आपल्या शाळकरी मुलालाही कधी कधी ‘तुम्ही’ म्हणतात. ‘तू’ जाते, ‘तू’ परत येत नाही. नवरा-बायकोतही पुष्कळ घरांत अजून हेच आहे. एकीकडून ‘अहो’, दुसरीकडून ‘अगं’. प्रेम असेल, पण व्याकरण समान नाही. ज्या घरांत दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणू लागले, तिथे काही बिघडले नाही, हे आता दोन पिढ्यांनी पाहिले आहे.

या पेचातून सुटण्याची वाट बाहेरून आणायची गरज नाही. पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर. नाथषष्ठीला गोदाकाठी दिंड्या येतात तेव्हा वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. आणि सगळ्यांना हाक एकच, ‘माउली’. पाणी वाटणारा माउली, पाणी पिणारा माउली. रांगेत मागचाही माउली, पुढचाही माउली. क्वेकरांनी जवळीक साधली पण मान सोडला. इंग्रजीने मान दिला पण जवळीक गमावली. वारकऱ्यांच्या एका हाकेत दोन्ही आहेत, आणि ती हाक जशी जाते तशीच परत येते. शासनाचा आदेश नाही, परिषदेचा ठराव नाही. शतकानुशतके माणसे आपणहून ती पाळत आली आहेत.

आपल्या भाषेत आणखी एक ठेवा आहे, तो म्हणजे ‘आपण’. ‘आपण बसावे’ म्हटले तर समोरच्याचा मान होतो. ‘आपण बसू’ म्हटले तर त्यात मीही येतो. एकाच शब्दात ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ शेजारी बसतात. त्याचे मूळ ‘आत्मन्’मध्ये आहे, आणि कवी सिराज औरंगाबादींच्या या शहरात रोज कानावर येणारा उर्दूतला ‘आप’ही त्याच मुळाचा. समोरच्याला स्वतःच्याच नावाने हाक मारणे, इतका मोठा विचार आपल्या रोजच्या बोलण्यात पडून आहे. फ्रेंच माणसाला ‘यू’चा अर्थ लावताना दरवेळी थांबून विचार करावा लागतो, समोरचा माझा कोण? तो प्रश्न आपणही स्वतःला विचारायला हवा, आणि उत्तर पगारावरून, कपड्यांवरून, आडनावावरून द्यायचे थांबवायला हवे.

म्हणून आज घराबाहेर पडताना एवढे करा. ज्यांना तुम्ही ‘तू’ म्हणता पण जे तुम्हाला ‘तू’ म्हणू शकत नाहीत, अशी माणसे आठवा. वॉचमन, सफाई कामगार, भाजीवाल्या आजी, घरी येणाऱ्या मावशी, हॉटेलात टेबल पुसणारा पोऱ्या. त्यांना आजपासून ‘तुम्ही’ म्हणा. ‘घे’चे ‘घ्या’ करा, ‘ये’चे ‘या’ करा. पहिले दोन-चार दिवस जीभ अडखळेल, समोरचाही चमकून बघेल. नंतर सवय होईल. आणि घरातल्या मुलांना हे सांगू नका. त्यांच्यासमोर बोला, ती ऐकून शिकतील.